कोबीच्या बरणीवरची सही

लोणच्यात काय काय घातलंय, एवढंच विचारून यायचं काम माझ्याकडे होतं. बाकी सगळं बायकोनं केलं, शेजारणीनं केलं, कोबीनं आपलं आपण केलं. मी चौथ्या मजल्यावर जायचं, एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर घेऊन सहाव्या मजल्यावर परत यायचं. मधे लिफ्ट होती. एवढ्याशा प्रवासात मी जो घोळ घातला तो उघडकीला यायला दोन वर्षं लागली, आणि कागदावर उतरवायला त्याहून जास्त.

दोहाची गोष्ट. वर्ल्ड कपला अजून पाच वर्षं होती आणि सगळं शहर खणून ठेवलेलं होतं. मी एका स्टेडियमच्या कामावर क्वालिटी कंट्रोलला होतो. म्हणजे काँक्रीटचा ट्रक आला की चलन बघायचं, माल किती पातळ आहे ते मोजायचं, तापमान घ्यायचं, आणि नियमात बसत नसेल तर ट्रक परत पाठवायचा. ड्रायव्हर गयावया करायचे, इंजिनियर ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, आटपा’ म्हणून ओरडायचे. मी हलायचो नाही. ‘हा माणूस देवाकडेसुद्धा टेस्ट रिपोर्ट मागेल,’ असं साइटवर म्हणत. मला ते आवडायचं. घरी येऊन मी ते बायकोला दोनदा सांगितलं होतं.

बायको नाशिकची. तिच्या माहेरी केक आणायचा तर ‘बिनअंड्याचा ना?’ असं बेकरीवाल्याला तीनदा विचारत, आणि तरी घरी आणून वास घेत. ती दोहाला आली तेव्हा हे नियम कपड्यांच्या घड्यांत घालून आणले होते. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. बाहेरचं काही तोंडात घालायच्या आधी विचारायचं. विचारायचं अर्थातच मी, कारण तिला स्वतःच्या इंग्रजीचा संकोच. मुलगी इंग्रजी शाळेत. आईनं मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देऊन खोलीत जायची. उरला एसीचा आवाज आणि ती. पहिल्या वर्षात तिची पोलकी ढगळ व्हायला लागली.

“एकटीला जेवण जात नाही हो,” म्हणायची.

“सवय होईल,” मी म्हणायचो. काँक्रीटला पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस देतात, बायकोला वर्षभर दिलं होतं.

एका शुक्रवारी बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरची कोरियन बाई, दोन्ही हातांनी डबा पुढे धरून कमरेत वाकलेली. आदल्या आठवड्यात बायको कुणाकडे तरी थालीपिठं घेऊन निघाली होती, तेव्हा लिफ्टमध्ये या बाईनं वास घेऊन डोळे मोठे केले होते आणि बायकोनं तिच्या हातावर एक चतकोर ठेवला होता. त्याची ही परतफेड. आत लालभडक कोबी. झाकण उघडताच आंबूस, लसणाचा, आणि त्याच्याही खाली आणखी कसला तरी वास घरभर झाला.

“अहो, लोणचं दिसतंय. खाली जाऊन विचारून या, मासाबिसा नाही ना. नीट विचारा हं.”

“नीट विचारतो.”

“आणि डबा रिकामा नेऊ नका.”

कोथिंबीर वड्या भरलेला डबा घेऊन मी खाली गेलो. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. आता हा नवरा म्हणजे मुख्य कंत्राटदार कंपनीतला साहेब, आणि आमची कंपनी त्यांच्या हाताखालची. माझ्या प्रत्येक तपासणीच्या कागदावर शेवटची सही त्याची. साइटवर मी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं. इथे तो हाफ पँटवर होता आणि हसत होता. “माझ्या बायकोची किमची! अख्ख्या दोहात अशी मिळणार नाही!” त्यानं अंगठा वर केला.

आता अशा माणसाला, यात मासा आहे का, हे कसं विचारायचं? ‘यात मासा आहे का’ असंच विचारायचं. पण मी विचारलं, “व्हेरी नाइस, सर. ओन्ली व्हेजिटेबल, नो?”

बाई आतून कोबीचा अख्खा गड्डा घेऊन आली आणि तो विजयी चषकासारखा उंच धरून म्हणाली, “येस! व्हेजिटेबल!”

कामावर कुणी असा प्रश्न विचारला असता तर मी त्याचा फॉर्म त्याच्यासमोर फाडला असता. ‘हो’ हे एकच उत्तर येईल असा बेतून विचारलेला तो प्रश्न. मी वर आलो आणि म्हणालो, “सगळी भाजीच आहे.”

तिथून डबे सुरू झाले. डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम त्यांच्याकडेही होता. त्यामुळे थांबायचं कुणी, हा प्रश्नच उरला नाही. वरून पुरणपोळी गेली की खालून किंबाप यायचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदात घट्ट गुंडाळलेला भात, मधे गाजर, पालक आणि पिवळा मुळा. वरून मेतकूट, खालून तिळाच्या तेलात परतलेल्या काचेसारख्या शेवया. मेतकूट-भातावर त्या बाईनं तुपाऐवजी तिळाचं तेल सोडलं तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावला, आणि मग एक घास खाऊन बघितला, आणि मग दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडेही तिळाचं तेल सुरू झालं. कोबीला लावायचा लाल मसाला तांदळाच्या पेजेत कालवतात हे बघून बायको म्हणाली, “अगंबाई, ही तर आपली खळच की!” दोघी जमिनीवर फतकल मारून बसायच्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे कुणीच कुणाला लाजायचं नाही. ती वयानं लहान, म्हणून बायकोला ‘ऑन्नी’ म्हणायची; त्यांच्यात थोरल्या बहिणीला तसं म्हणतात.

गुरुवारी संध्याकाळी दोघी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मिरची पूड बघायला जायच्या. पिशव्या धरायला मी. दोघी तळहातावर चिमूट घेऊन हुंगायच्या, एक मराठीत नाक मुरडायची, दुसरी कोरियनमध्ये, आणि दुकानदार अरबीत शपथा घ्यायचा. बायकोची पोलकी पुन्हा अंगाला बसायला लागली. घरात हसण्याचा आवाज येऊ लागला.

मीही किमची साइटवर न्यायला लागलो. आमचा स्टोअरकीपर रत्नागिरीकडचा मुसलमान, आखातात केस पिकवलेला. मी पोर्टाकॅबिनमध्ये डबा उघडला आणि तो पलीकडच्या टेबलावरून उठून आला.

“सायब, जवला कधीपासून खायला लागलात तुमी?”

“कुठला जवळा?”

त्यानं चमच्याच्या टोकानं कोबीचं एक पान उलटलं. देठाशी, मसाल्यात, नखाएवढाही नसेल असा एक पांढुरका बाक. त्याला दोन काळे ठिपके होते. ते डोळे होते.

“ह्यो बगा. आमची आई मिठात मुरवून ठेवायची. ह्याच्याबिगर अशी चव येतच नाय.” मग जरा थांबून, “वैनींना म्हाइत हाय ना?”

“हो, हो.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “नाय, आपलं विचारलं. आमाला कुणी न सांगता डुकराचं चारलं तर मी त्या माणसाचं तोंड बगनार नाय जन्मात.” एवढं बोलून त्यानं माझ्या डब्यातली निम्मी किमची आपल्या भातावर घेतली.

कंपनीच्या पार्टीत हाच माणूस प्रत्येक ताटापाशी थांबून साहेबाला सरळ विचारायचा, “सर, हलाल?” साहेब वाकून बोट दाखवायचा: हे हो, ते नाही. त्याला त्यात अपमान वाटलेला मी कधी पाहिला नाही. मी शेजारीच ताट धरून उभा असायचो.

मी का बोललो नाही, याची माझ्याकडे दोन कारणं होती. एक दाढी करताना स्वतःला सांगायचं: ती जेवतेय, हसतेय, तिला एक मैत्रीण मिळालीय, कशाला मोडता घालायचा? हे कारण फार चांगलं होतं, ते सांगताना माझा आवाजसुद्धा मऊ व्हायचा. दुसरं कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. डबे सुरू झाल्यापासून माझे कागद त्याच दिवशी सही होऊन यायचे. दुसऱ्यांचे चार-चार दिवस पडून राहायचे. आमच्या कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं. डब्यांचा आणि त्याचा संबंध होता, असं मी सिद्ध करू शकत नाही. नव्हता, असं तपासून बघायचीही मला कधी इच्छा झाली नाही. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी न तपासता पास केली.

आषाढ लागला. बायकोनं खाली निरोप दिला, चार महिने किमची नको.

“का गं?” मी विचारलं.

“अहो, लसूण असतो ना त्यात.”

चार महिने तिनं लसणासाठी किमची सोडली. मी समोर बसून जेवत होतो. कार्तिकी एकादशीनंतर तिनं ती पहिल्यांदा ताटात घेतली तेव्हा देवाला नमस्कार करून घेतली. त्या लसणाचे माझ्यावर मात्र उपकार आहेत. तो होता म्हणून ते लोणचं कधी नैवेद्याच्या पानात गेलं नाही.

त्या हिवाळ्यात सासूबाई आल्या, विमानात पहिल्यांदा बसून. लेकीला गुबगुबीत झालेली बघून खूश झाल्या. त्यांची कवळी नीट बसत नव्हती, चावायला त्रास. पण किमचीचं लाल पाणी भातात कालवून त्यांना फार आवडलं. पहिल्या दिवशी घास तोंडाशी नेला आणि थांबल्या.

“जावईबापू, ह्यात आपल्याला न चालणारं काही नाही ना हो?”

जवळा कळून तेव्हा वर्ष होत आलं होतं. आतापर्यंत मी नुसता गप्प होतो, आणि गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची सोय लावून ठेवली होती. इथे ती सोय संपली. घास हवेत होता.

“नाही आई. कोबी आहे.”

त्या जेवल्या. अडीच महिने जेवल्या. जाताना बायकोनं तीन पिशव्यांत गुंडाळून एक बरणी दिली. पंधरा दिवसांनी नाशिकहून फोन: “अहो, आमच्या भजनी मंडळात सगळ्यांना चाखायला दिलं! सगळ्या विचारतायत, कृती काय?” ज्या बायका एकादशीला पाण्याचा हंडासुद्धा वेगळा ठेवत, त्यांच्यापर्यंत माझं ते एक वाक्य पोचलं होतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, काही कळायच्या आत. बायको नाशिकला जाऊन, दिवस करून परत आली. शेजारीण तांदळाची पेज घेऊन वर आली आणि दिवसभर तिच्या शेजारी नुसती बसून राहिली. संध्याकाळी बायकोनं चार चमचे पेज घेतली. मी दाराशी उभा राहून विचार करत होतो की ही पेज कशाच्या पाण्यात शिजवली असेल. सांत्वनाला आलेल्या माणसाच्या वाडग्यात मी डोळे शोधत होतो.

थंडी पडायला लागली तेव्हा बातमी आली की साहेबाचं इथलं काम संपलं, ते दुसऱ्या देशात चालले. जायच्या आधी शेजारणीला एक करायचं होतं. त्यांच्याकडे हिवाळ्याच्या तोंडाला बायका एकत्र जमून वर्षाची किमची घालतात, आपल्याकडे पापड-कुरडया करतात तशी. ते बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवायचं. “ऑन्नी, मी गेल्यावर तू करायची.” बायकोनं माळ्यावरून मोठी परात काढली, वही-पेन काढलं. आईच्या मागं ती पहिल्यांदा कशाची तरी तयारी करत होती. वहीत वर लिहिलं, ‘साहित्य’, आणि खाली जागा सोडली.

त्या मोकळ्या जागेत शनिवारी कोळंबीचं नाव बसणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेब साइटवर असताना, मी चौथ्या मजल्यावर गेलो. काय सांगायला? खरं सांगायला, असं वाटेल. मी तिला विनंती करायला गेलो होतो की शनिवारी ती माशाच्या रसाची बाटली आणि ती जवळ्याची छोटी बरणी बाहेर काढू नका. एवढ्यापुरतं फक्त.

तिला आधी कळेना. मग कळलं.

“ऑन्नी कोळंबी खात नाही?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

“तिची आई?”

मी मान हलवली.

“आणि तुम्हाला माहीत होतं?”

मी खाली बघितलं. फरशांचे सांधे फार चांगले भरलेले होते.

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ हातातला टॉवेल घडी करत राहिली. मग म्हणाली, “विचारलं असतं तर वेगळी केली असती. सोपं आहे. माझी आजी देवळासाठी करायची. तिच्यात मासा नसतो.” टॉवेल बाजूला ठेवत म्हणाली, “लसूणपण नसतो.”

म्हणजे मी पहिल्याच दिवशी नीट विचारलं असतं तर बायकोला किमची बाराही महिने चालली असती. चातुर्मासासकट.

मला वाटलं होतं, ती गप्प राहील. माणूस आपल्यावरून जग ओळखतो. शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात ती, रिकाम्या हातांनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आत आली, बायकोसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि कपाळ हातांवर ठेवलं.

“ऑन्नी, मी तुला कोळंबी खायला घातली. मासा पण. तुझ्या आईला पण. मला माहीत नव्हतं. माझी चूक.”

तिची काय चूक होती? पण ती रडत होती आणि मी सोफ्यावर बसलो होतो.

बायकोला सगळं समजायला वेळ लागला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसली, त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले. “तुला कुणी सांगितलंच नाही,” म्हणाली. “तू काय करणार?” तिला चहा करून दिला. जाताना डब्यात चार बेसनाचे लाडू घातले. दार लावलं, कडी घातली, मग वळली.

“तुम्हाला कधी कळलं?”

मी स्टोअरकीपरचं सांगितलं.

“म्हणजे आई यायच्या आधी.”

“हो.”

“आईनं तुम्हाला विचारलं होतं.”

“हो.”

“मी ओट्याशी होते. ऐकलं होतं मी.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी तिला आणखी वाढलं. मी वाढलं. कळतंय?”

मी काहीतरी बोललो. तू जेवत नव्हतीस, तुला मैत्रीण नव्हती, असलं काहीतरी. ते मऊ आवाजातलं कारण. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“दोन वर्षं माझं ताट बघत बसलास,” ती म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झाली होती. तोवर ती मला कधी ‘तू’ म्हणाली नव्हती.

मग आत जाऊन तिनं परात घासायला घेतली.

शनिवारी किमची झाली. मला वाटलं होतं होणार नाही. स्टोअरकीपर शुक्रवारी संध्याकाळीच कंपनीच्या पिकअपमधून कोबीची पोती घेऊन आला, माझ्या तोंडाकडे बघून त्याला काय ते समजलं आणि तो म्हणाला, “खलास?” मी म्हणालो, खलास. “बरं झालं,” म्हणाला, आणि पोतं खांद्यावर घेऊन पुढे झाला. सकाळी दोघींनी आदल्या रात्री मिठात घालून ठेवलेले गड्डे पिळले, मुळा किसला, आलं वाटलं, शेवाळ उकळून पाणी केलं, पेज शिजवली, मिरची कालवली, आणि एकेक पान उचलून आतून मसाला लावत गेल्या, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसा. आजीच्या पद्धतीनं. लसूण नाही. चव घेताना एकीनं दुसरीच्या तोंडात घास घातला. मधेच कशावरून तरी दोघी हसल्या. मी दाराशी उभा होतो. मला कुणी चाखायला दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

संध्याकाळी बरण्या भरून झाल्या. बायकोनं पांढऱ्या पट्टीवर वळणदार अक्षरांत लिहिलं: ‘कोबी, मुळा, मीठ, मिरची, आलं, शेवाळाचं पाणी, तांदळाची पेज. मासा नाही. कोळंबी नाही.’ खाली लिहिलं: ‘तपासले.’ आणि पेन माझ्यापुढे धरलं.

“सही करा.”

पुन्हा ‘तुम्ही’ झालो होतो. मी प्रत्येक बरणीवर सही केली. मी हजारो कागदांवर सह्या केल्यात, पण इथे दर सहीआधी पट्टी पहिल्यापासून वाचली. शेजारीण बघत होती. तिनं काही विचारलं नाही; तिला वाटलं असेल, ही यांची पद्धत असेल.

आता आम्ही नाशिकला असतो. दरवर्षी थंडीत किमची होते आणि दर बरणीवर पट्टी. तो वर्ल्ड कप आम्ही इथेच टीव्हीवर बघितला. आमच्या स्टेडियमचा सामना लागला तेव्हा तिनं विचारलं, “हेच ना तुमचं काँक्रीट?”

“हो.”

“सही कोणाची त्याच्यावर?”

“माझी.”

ती पडद्याकडे बघत राहिली. “माणसं तर बसलीयत निवांत,” म्हणाली, आणि माझ्या ताटात किमची वाढली. तिनं वाढलेली, तेवढ्या वर्षांतली पहिली.

पण ते दुसरं कारण, सहीचं, साहेबाचं, माझ्या नोकरीचं, तिनं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अजूनही ती मला ते मऊ कारण सांगणारा माणूस समजते. आज हे लिहून झालं की कागद तिच्या चष्म्याखाली ठेवणार आहे. साहित्य सगळं लिहिलंय, काही सोडलेलं नाही. खाली सहीपुरती जागा ठेवलीय. पेन शेजारीच आहे. उचलायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.